पांढरं पडलेलं व्हायोलिन

माझा नवरा व्हायोलिनं बनवतो. दारू सोडून त्याला अकरा महिने झाले होते आणि त्यानंतरचं हे पहिलंच व्हायोलिन. आता फक्त पॉलिश राहिलं होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं एकावर एक पुटं चढवायची. बरेच दिवस चालतं ते.

स्पिरिट म्हटलं की मी सावध होते. वाईट दिवसांत हा माणूस तेही प्यायला होता. हॉस्पिटलातून डोळे शाबूत घेऊन परतला हेच नशीब. म्हणून बाटली माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. सकाळी वाटीभर काढून द्यायची, संध्याकाळी तोंडाचा वास घ्यायचा. तोही मुकाट्यानं "हा" करायचा. एकदाही वास आला नाही. तरी माझा विश्वास बसेना.

मग माझी जुनी खोड वर आली. पूर्वी त्याच्या दारूच्या बाटल्यांत पाणी घालायचे, तसं स्पिरिटच्या बाटलीत घातलं. प्यायलाच तर कमी भोवेल, एवढंच माझं डोकं चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हाक मारली. व्हायोलिनवर पांढुरका थर आला होता, चष्म्यावर वाफ धरते तसा. त्यानं तो घासून काढला, पुन्हा पुट दिलं. पुन्हा पांढरं.

पाण्यानं लाख पांढरी पडते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं खिडकी लावून पाहिली, वाटी पुसली, बोळा बदलला. बाटलीवर मात्र त्याला शंका आली नाही. ती माझ्या ताब्यात होती ना.

"हात गेला गं माझा," तो म्हणाला. "पिऊन पडायचो तेव्हासुद्धा असं कधी झालं नाही."

खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं, तर अकरा महिने मी त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवला नाही हे उघडं पडलं असतं. नात्यागोत्यात मी सोशीक म्हणून प्रसिद्ध आहे. ते मला आवडतं.

त्यानं चपला घातल्या. कुठे चाललाय ते दोघांनाही कळत होतं.

"लवकर ये," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी बाटली मोरीत ओतली. तो झोकांड्या खात परतला, खिशात दारू आणि स्पिरिटची नवी बाटली घेऊन. दुसऱ्या दिवसापासून एक घोट, एक पुट, असं काम सुरू झालं. आठवड्यात व्हायोलिन असं झळकलं की माझेच डोळे भरून आले.

"बघितलंस?" तो म्हणाला. "हात परत आला. त्याला दारूच लागते. उगाच अकरा महिने तुझे हाल केले मी."

त्यानं ग्लास पुढे केला.

"जरा पाणी घाल गं."

मी घातलं.