झाकण उघडायचं नाही

घड्याळजींनी बटाट्याच्या फोडी ओट्यावर रांगेत मांडल्या आणि जरा मोठ्या वाटलेल्या दोन पुन्हा कापल्या.

"अहो, त्या शिजवायच्यात, मोजायच्या नाहीत," दाराजवळच्या खुर्चीवरून बायको म्हणाली.

"तू बस. सगळं चिठ्ठीत लिहिलंय."

लेकीने कृतीच्या चिठ्ठीसकट पाठवलेलं विजेचं भांडं ओट्याच्या कोपऱ्यात होतं. मंद आचेवर आठ तास आपलं आपण शिजवायचं, ढवळायला नको की बघायला नको. घड्याळजींनी त्याचं नाव 'मंद्या' ठेवलं होतं. बटाटे, गाजर, भिजवलेले वाटाणे, कांदा, टोमॅटो, हळद, मसाला, मीठ, पाणी, सगळं त्यांनी मंद्याच्या पोटात घातलं आणि काचेचं झाकण ठेवलं.

"फोडणी?"

"त्याला लागत नाही. आणि झाकण उघडायचं नाही हं."

मंद्याला लागत नव्हती, पण तिला ते लागलं. सदतीस वर्षं या ओट्यावर तिच्याशिवाय पान हललं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी डावं अंग गेलं. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र मांडीवर पडून असे, कुणी सांभाळायला ठेवून विसरून गेल्यासारखा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी दर वेळी बजावत होती, "काकू, त्याला कामाला लावा, नाहीतर तो कायमचा असाच राहील." तिने दाबायला दिलेला मऊ चेंडू सोफ्याखाली गेला होता. तो तिथे कसा गेला, हे नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं.

नऊ वाजता घड्याळजी दुकानात निघाले. दार नीट लागलं की नाही, हे त्यांनी बाहेरून तीनदा ओढून पाहिलं. त्यांचं सगळंच असं. कानाशी धरून टिकटिक ऐकल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात घड्याळ देत नसत.

अकराच्या सुमारास ती पाणी प्यायला उठली. मंद्याचं झाकण कोरडं होतं, वाफेचा टिपूस नाही. तिने वाकून पाहिलं. भांड्यावरचा खटका बरोबर जागी फिरवलेला होता, पण भिंतीवरचं बटणच बंद!

तिला हसू फुटलं. खोटं कशाला, थोडा आनंदही झाला. म्हणे सगळं चिठ्ठीत लिहिलंय! फोन करून चांगली फिरकी घ्यावी, असं मनात आलं. मग तिला त्या रांगेतल्या फोडी आठवल्या. संध्याकाळी हा माणूस भुकेला येणार, कच्चा बटाटा चावणार आणि उद्यापासून पुन्हा तयार जेवणाची पाकिटं आणणार. तिला त्यांची माया आली.

बटण कोपऱ्यात, भांड्याच्या मागे होतं. उजव्या हातात काठी घट्ट धरून ती ओट्याला टेकली. पहिल्यांदा बोट घसरलं. दुसऱ्यांदाही. "मेल्या, तुझ्या!" ती बटणावर खेकसली आणि अंगठ्याने जोर लावला. टक. लाल दिवा लागला. घामाघूम होऊन ती खुर्चीत बसली. अकरा ते सात, आठ तास बरोबर होत होते.

संध्याकाळी घरभर वास सुटला होता. घड्याळजींनी झाकण उघडलं, चमचाभर रस्सा चाखला आणि छाती फुगवली.

"बघ! हात न लावता झालं की नाही?"

ती गप्प राहणार होती. पण ती फुगलेली छाती बघून तिला राहवेना.

"बटण कोणी दाबलं, विचारा मंद्याला. अकरापर्यंत थंडगार पडला होता. तीनदा दार ओढून बघणारा माणूस बटण कसं विसरतो हो?"

"वय झालं," ते म्हणाले. चेहऱ्यावर वय झाल्याचं दुःख काही दिसेना. ताटली पुसत, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काठी सोडली नाहीस ना?"

"सोडते कशाला? पडले असते की."

"मग दाबलंस कशाने?"

ती काहीतरी फटकळ बोलायला गेली आणि थांबली. मांडीवरच्या डाव्या हाताकडे तिने पाहिलं. अंगठ्याच्या टोकाला अजून हळद लागलेली होती, सकाळी घड्याळजींच्या बोटांनी बटणाच्या आसपास माखून ठेवलेली. म्हणजे ते बटण विसरले नव्हते.

"लबाड," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. मग तिने तो हात उचलून टेबलावर ठेवला.

"उद्या कांदा मी धरीन. तुम्ही चिरा."