ऐकायचा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. वाजवायचा नव्हे, ऐकायचा. मित्रांनो, कानात घालायची यंत्रे निघाली नव्हती, तेव्हा कमी ऐकू येणारी माणसे माझ्यासारखा पितळी कर्णा जवळ बाळगत. बारीक टोक कानाला लावायचे आणि रुंद तोंड बोलणाऱ्याकडे करायचे, एवढेच माझे काम.

एका तांबटाने मला घडवले. सांधा जुळवून झाल्यावर त्याने मला कानाला लावले, तेव्हा आतून त्याची बायको म्हणत होती, "जेवायला येताय, की ताट झाकून ठेवू?" तांबट गंभीरपणे म्हणाला, "कर्णा चांगला झालाय. हिचं ऐकू यायला लागलं." ती मला मिळालेली पहिली शाबासकी.

मला एका वयस्कर फादरांनी विकत घेतले. टेकडीवरच्या मठात व्रतस्थ सिस्टर राहत. फादर त्यांच्यासाठी रोज मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, करत आणि त्यांची पापनिवेदने ऐकत. त्या वेळी माझ्या कानावर जे पडले ते मी कधी कोणाला सांगितले नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पितळेलाही इमान असते. पण सिस्टर बैठकीच्या खोलीत सल्ला विचारायला येत, तिथले सांगायला हरकत नाही.

धुण्याच्या खोलीत काम करणारी एक सिस्टर होती. सोड्याने तिचे हात सोलवटलेले असत. आवाज इतका बारीक, की सगळ्या तिला मुंगीच म्हणत. एक दिवस ती फादरांसमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाशी म्हणाली, "फादर, प्रार्थनेत मला देव भेटतो."

"दिवा पेटतो?" फादर म्हणाले. "मग विझवत जा. तेल महाग झालंय."

दाराबाहेर दोघीजणी फिसकन हसल्या. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट स्वयंपाकघरापासून शिवणाच्या खोलीपर्यंत पोचली. मुंगी पुढे कित्येक दिवस फिरकली नाही. काय घोटाळा झाला ते फादरांना उशिरा कळले. त्यांनी तिला बोलावून घेतले.

"तुमचं बोलणं माझ्या कानात शिरत नाही," ते म्हणाले, "आणि तुम्हाला ओरडायला लावलं, तर ते सगळ्या मठाच्या कानात शिरेल. तुम्ही लिहून आणा."

"मला नीट लिहिता येत नाही."

"मला नीट ऐकू येत नाही. झाली फिट्टंफाट."

अशी ती लिहू लागली. कागद मागायचा संकोच वाटे, म्हणून साबणाच्या वेष्टनांच्या कोऱ्या बाजूवर लिही. बहिऱ्या माणसांना असते तशी फादरांना मोठ्याने वाचायची सवय होती. मी मेजावर पडलेला असे आणि सगळे ऐके.

तिने एकदा देवाला उद्देशून लिहिले होते: "ओली चादर एकटीला पिळता येत नाही. एक टोक मी धरते, दुसरं तू धरतोस. तू दिसत नाहीस, पण पीळ पडतो आणि पाणी गळतं. तेवढ्यावरून मला कळतं, की तू हात सोडलेला नाहीस."

हिवाळ्यात मात्र तिने वेगळेच लिहिले: "आज समोर कोणी नाही. कालही नव्हतं. मी चादरीचं टोक खुंटीला बांधलं आणि एकटीनेच पीळ घातला. तू नसलास तरी आजारी सिस्टरला कोरडी चादर लागतेच." हे वाचताना फादर थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तिच्या लिहिण्याची गोष्ट मठाच्या प्रमुख मदरच्या कानावर गेली. मदर वाईट नव्हत्या. पण आज एकीला देव भेटला, तर उद्या चौघींना भेटेल आणि धुणे तसेच पडून राहील, ही त्यांची काळजी. त्यांनी बिशपांना कळवले. चौकशीसाठी एक विद्वान फादर आले. मुंगी ढोंगी ठरली असती, तर तिला मठ सोडावा लागला असता. माहेरी आईवडील उरले नव्हते आणि भावाच्या घराचे दार तिला केव्हाच बंद झाले होते.

विद्वान फादरांनी सगळे कागद आधीच मागवून वाचले होते आणि सोबत आणले होते. त्यांनी विचारले, "देव चादर धरतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

मुंगीचे ओठ हलले. भीतीने तिचा होता तोही आवाज गेला होता. "काय म्हणाल्या?" त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा ओठ हलले. मदर म्हणाल्या, "अगं, मोठ्याने बोल ना." त्यावर ओठही मिटले.

तेव्हा आमचे फादर उठले आणि त्यांनी मला विद्वान फादरांच्या हातात दिले. त्यांचे कान ठणठणीत होते. क्षणभर त्यांना हा अपमान वाटला असावा. मग त्यांनी खुर्ची ओढली, ते तिच्याजवळ बसले आणि मला कानाला लावले.

"नाही," मुंगी म्हणाली. "पाहिलं काहीच नाही. नुसता चादरीचा ताण कळला."

"आणि कळला नाही तेव्हा?"

"तेव्हाही धुणं होतंच, फादर."

ते बराच वेळ मला कानाला लावून बसले, जणू ती अजून बोलत होती. अखेर म्हणाले, "यात मला ढोंग दिसत नाही. या इथेच राहतील. पण हे देवाचंच, असं म्हणायची घाई नको. लिहिणं थांबवा. कागद मी घेऊन जातो."

आमचे फादर फार चिडले. मुंगीने मान डोलावली आणि ती कामाला गेली. त्यानंतर तिने एक अक्षर लिहिले नाही.

ओलीत राहून तिची छाती कमकुवत झाली होती. काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. फादर तिच्या उशाशी बसत आणि मला तिच्या ओठांशी धरत. एकदा त्यांनी विचारले, "लिहिणं बंद केलं, त्याचं वाईट वाटतं?"

"वाटतं. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. थोडा दम खाऊन पुढे म्हणाली, "पण तुम्हाला धड ऐकू आलं असतं ना फादर, तर मी एक ओळही लिहिली नसती."

फादरांना पहिल्याच खेपेला सगळे ऐकू आले. ते हसले आणि मग त्यांनी मला मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याच आठवड्यात ती गेली.

पुढे विद्वान फादरांनी कागद परत पाठवले, छापायची परवानगीही सोबत होती. हाताच्या पंजाएवढे पुस्तक निघाले. तोवर फादरांना माझ्यातूनही काही ऐकू येईनासे झाले होते. तरी ते पुस्तक ते मोठ्याने वाचत आणि रस्त्यावरची माणसे खिडकीखाली थांबत.

फादरांच्या मागे मी अडगळीत गेलो. कोणीतरी मला नरसाळे समजून माझ्यातून दिव्यात रॉकेल ओतले. एकदा पडलो आणि पोचा आला. आता मी मठातल्या काचेच्या कपाटात त्या पुस्तकाशेजारी असतो. लोक पुस्तकाला हात जोडतात आणि मला पाहून विचारतात, "हे काय?"

मित्रांनो, मला त्याचे वाईट वाटत नाही. एवढेच सांगायचे आहे, की तुमच्या घरात, वर्गात कोणी हळू बोलत असेल, तर लांबून "मोठ्याने बोल" म्हणू नका. खुर्ची ओढा आणि जवळ जाऊन बसा. आणि कधी मला कपाटातून काढलेत, तर खालून आधार देऊन धरा. माझा सांधा ढिला झाला आहे.