एथेमचा सैन्यातला मित्र

रागिब पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा थंडी नुकतीच सुरू झाली होती. दारातच त्याने टोपी काढली, मोठ्याने सलाम केला आणि आता कुणीतरी उठून मिठी मारेल अशा अपेक्षेने थांबला. कोपऱ्यात आमचे नेहमीचे तिघे ट्रकवाले पत्ते खेळत होते. त्यांनी मान हलवली आणि परत पत्त्यांत डोकं घातलं.

"या, बसा," मी म्हणाले. "कॉफी आपली की अमेरिकन?"

"आपली, ताई," तो म्हणाला. टोपी मांडीवर ठेवून तो खिडकीपाशी बसला.

अमेरिकेत सेंट लुईसच्या ग्रॅव्हॉय रस्त्यावर हे दुकान मी चालवते त्याला खूप वर्षं झाली. युद्धानंतर आम्ही बोस्नियाची माणसं इथे आलो तेव्हा या रस्त्यावर इंग्रजी कानावर पडत नसे. बेकरी आपली, खाटीक आपला, दात काढणारासुद्धा आपलाच. त्याच काळात रागिबच्या चुलतभावाने त्याला फोनवर सांगितलं होतं, "इथे ये. इथे परकं वाटतच नाही." पण रागिबला लांब उत्तरेला, डाकोटाच्या माळावर मांसाच्या कारखान्यात काम लागलं होतं. तो आणि त्याची बायको शेम्सा, त्या गावात आपली भाषा बोलणारी ही दोनच माणसं. मूल नाही. दर वर्षी दोघं म्हणायची, पुढच्या वर्षी सेंट लुईसला जाऊ. मग शेम्सा गेली. रागिबने पेन्शन घेतली, सामान जुन्या गाडीत घातलं आणि एकटाच निघून आला. चुलतभाऊ तोवर वारला होता.

आणि तो आला तेव्हा रस्ता रिकामा झाला होता. लोकांनी शहराच्या दक्षिणेला हिरवळवाली घरं घेतली. बेकरीच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला बसला, खाटकाच्या जागी अफगाण किराणा आला. रागिबने माझ्या दुकानापासून दोन घरं सोडून खोली घेतली होती आणि खिडकीतून आपली माणसं शोधत होता.

"कुठले म्हणालात?" पत्ते खेळणाऱ्यांतल्या सेआदने विचारलं.

"फोचाच्या वरचं गाव."

"फोचाचे सगळे शिकागोला. चुकीच्या गावात उतरलात."

"मी आपल्या माणसांत उतरलो."

"मग इतकी वर्षं कुठं होतात? गाई कापत?" बाकीचे दोघे हसले. रागिबही हसला, जरा उशिराने. सेआद तोंडाचा फाटका आहे, मनाचा वाईट नाही. पण वीस वर्षं एकत्र पत्ते खेळणाऱ्यांना चौथा भिडू लागत नाही.

तो रोज यायचा. मशिदीत शुक्रवारी लोक नमाज आटोपून गाड्यांत बसून निघून जायचे, कुणाला थांबायला वेळ नाही. एकदा तो माझ्या दारावर चिकटवलेले हिरव्या काठाचे, मयतीची बातमी देणारे कागद वाचत उभा होता. म्हणाला, "ताई, इथली माणसं एकत्र जमतात तरी कधी?"

"आता मयतीलाच," मी कप पुसत म्हणाले.

मी सहज बोलून गेले होते. त्याने ते मनावर घेतलं.

दोन दिवसांनी तो ओळखपाळख नसलेल्या कुणाच्या तरी जनाज्याला जाऊन आला. परतला तेव्हा बुटांना चिखल होता आणि चेहरा उजळला होता. "शंभरावर पुरुष होते," तो म्हणाला. "खांद्याला खांदा लावून उभे. कुणी विचारलं नाही, तू कोण. फावड्याने माती ढकलत होतो तर मागचा म्हणाला, 'दे भाऊ इकडे, दमलास तू.' मला भाऊ म्हणाला, ताई."

मी त्याला आणखी एक कॉफी दिली.

मग तो प्रत्येक जनाज्याला जायला लागला. काळा कोट घेतला. मी म्हणाले, "अहो, असं नका करू, लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "मयतीला आलेल्या माणसाला कोण काय म्हणतं?" ते खरंच होतं, एथेमच्या जनाज्यापर्यंत.

एथेम रंगारी होता, स्वभावाने गोड. त्याचा मुलगा नेर्मिन कबरीपाशी सगळ्यांशी हात मिळवत रागिबपाशी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बाबांना कसे ओळखायचे?"

नुसतं 'सवाब म्हणून, पुण्य लागावं म्हणून आलो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. रागिबच्या तोंडून निघालं, "विशीत सैन्यात एकत्र होतो. निशच्या छावणीत."

नेर्मिनने त्याला कवटाळलं आणि रडायला लागला. तिथून थेट गाडीत घालून घरी नेलं, आईसमोर उभं केलं. आई म्हणजे जुल्सा. तिने डोळे पुसून म्हटलं, "गुरुवारी या. सगळं सांगा मला त्यांचं."

संध्याकाळी त्याने माझ्याकडे येऊन उभ्यानेच सगळं सांगितलं.

"काय केलंत हे!" मी म्हणाले. "गुरुवारी जा आणि खरं सांगून मोकळे व्हा."

"हो. सांगतो."

गुरुवारी जुल्साने पिटा केली होती, पातळ पापुद्र्यांत पालक भरून भाजलेली. त्याने पहिला घास घेतला आणि तिने विचारलं, "तेव्हा बारीक होते का हो?"

"काडी होता," रागिब म्हणाला.

संपलं. त्यानंतर तो दर गुरुवारी जायला लागला. आपलेच सैन्यातले दिवस त्याने एथेमच्या नावावर चढवले. बर्फातला पहारा, बूट चोरणारा स्लोव्हेनियन आचारी, मेजरच्या बागेतून पळवलेल्या नाशपाती, त्याबद्दल रात्रभर धुतलेली भांडी. जुल्सा हसायची, पुन्हा कॉफी ओतायची, त्याच्यासाठी पिटाचा तुकडा बांधून द्यायची. दाढी करून, मान ताठ करून तो माझ्या दुकानावरून जायचा. सेआदसुद्धा म्हणाला, "म्हाताऱ्याला पालवी फुटली की."

मी त्याला पुन्हा टोकलं नाही. कुणाचं काय बिघडतंय, असं मलाही वाटायला लागलं होतं.

मग स्वीडनहून एथेमचा भाऊ बोलला. नेर्मिनने त्याला कौतुकाने फोनवर सांगितलं, बाबांचा निशचा मित्र भेटला. भाऊ म्हणाला, "कसलं निश? तुझा बाप नौदलात होता, समुद्रावर, पुला बंदरात."

नेर्मिन दुकानात आला तेव्हा रागिब खिडकीपाशी बसला होता.

"कोण आहेस तू?" नेर्मिन ओरडला. "माझ्या आईच्या हातचं खायला तोंड कसं उघडलं तुझं? माझ्या बापाच्या कबरीवर माती टाकलीस तू!"

रागिब उठून उभा राहिला. "माती खरी टाकली," तो म्हणाला. "बाकीचं खोटं."

"आमच्या घराकडे फिरकायचं नाही."

"नाही फिरकणार, बाळा."

पत्ते थांबले होते. रागिबने टोपी घेतली आणि अर्धी कॉफी तशीच ठेवून गेला.

चार दिवस त्याची खिडकी बंद दिसली तशी मी जुल्साकडे गेले. रागिबची बाजू मांडायची असं ठरवून गेले होते, पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं, झुम्रा," ती म्हणाली. "जहाजावर किती ओकायचो हे एथेमने मला शंभर वेळा ऐकवलंय. बर्फ कुठला आणि बाग कुठली!"

"मग बोलली का नाहीस?"

"नेर्मिन कामावरून येतो, फोनमध्ये बघत जेवतो. सून चांगली आहे, पण तिला कामावर जायचं असतं. नातवंडांचं बोलणं मला कळत नाही, माझं त्यांना नाही. तो माणूस बसायचा, नीट चावून खायचा आणि बोलायचा. एका विशीतल्या पोराच्या खोड्या सांगायचा. ते पोर माझं नव्हतं हे ठाऊक होतं मला. पण घर भरल्यासारखं वाटायचं."

"मग बोलाव त्याला."

"आता कशी बोलावू? नेर्मिनने चारचौघांत बोभाटा केला. विधवा मी, मुलाच्या घरात राहते." तिने ओट्यावरून हात फिरवला, ओटा स्वच्छच होता. "त्याला सांग, मला राग नाही."

मी जाऊन सांगितलं. रागिब पलंगाच्या कडेला बसून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे ती माझ्याच गोष्टी ऐकत होती."

"हो."

"माझ्याच," तो पुन्हा म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. मी परत आले.

एप्रिलमध्ये त्याने सामान गाडीत भरलं. मी रस्त्यावर जाऊन त्याला अडवलं. "परत डाकोटाला? तिथे तुमचं कोण आहे? काही झालं तर खांदा कोण देणार?"

"कारखान्यात आता सोमाली पोरं आलीत. अर्ध्यांना सुरी धरायला मी शिकवलं. बोलणं कळत नाही त्यांचं, पण नमाज एकच, येतील." त्याने मागचं दार ढकलून लावलं. "शेम्सा तिथे आहे, ताई. कबरस्तानात सगळ्या क्रॉसांच्या मधे एकटी. तिला तशी ठेवून मी इथे माणसं शोधत आलो."

गाडी चालू व्हायला वेळ लागला. दुसऱ्या खेपेला झाली. वळणावर त्याने हात वर केला, मीही केला.

महिन्याभराने जुल्सा नातवाबरोबर दुकानात आली. त्याच्यासाठी आइस्क्रीम घेतलं, स्वतःसाठी काही नाही. जाता जाता म्हणाली, "तो गेला म्हणे."

"गेला."

"फोन करतो का?"

"ईदला केला होता. बरा आहे म्हणाला."

"बरं," ती म्हणाली. नातू तिचा हात ओढून इंग्रजीत काहीतरी सांगत होता. ती त्याच्याकडे पाहून मान हलवत होती, समजल्यासारखी. दोघं गाडीकडे गेली. मी टेबल पुसायला घेतलं.