तीन तारखांचा फिल्टर

मी एक जुना डिझेल फिल्टर आहे, मित्रांनो. जुना म्हणवून घ्यायला मला आता बरं वाटतं, कारण बराच काळ मी नवा असल्याचं माझ्याच अंगावर लिहिलेलं होतं. ते कसं झालं, तेच सांगतो. सावकाश सांगेन, मी फार थकलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याचा डबा, आत घड्याघड्यांचा जाड कागद, दोन टोकांना दोन नळ्या आणि पोटावर एक बाण. डिझेलने कोणत्या बाजूने शिरायचं आणि कोणत्या बाजूने बाहेर पडायचं, हे तो बाण सांगतो. आमचं काम म्हणजे टाकीतून इंजिनाकडे निघालेल्या डिझेलमधला गंज, कचरा आणि पाणी अडवून धरायचं. माझ्या गाडीच्या इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर होते. फार नाजूक जात ती. त्यांची भोकं इतकी बारीक, की डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा त्यांच्या घशात अडकतो. ते घरातले लाडके आणि आम्ही त्यांचा केर पोटात घेणारे. चालायचंच.

पिठाच्या गिरणीच्या ट्रकला मला बसवलं. जागा मात्र अशी मिळाली, की विचारू नका. सांगाड्याच्या लोखंडी पट्टीच्या आत, डोक्यावर टाकीचा पट्टा आणि कुशीला सायलेन्सरचा तापलेला पाइप. माणसाचा हात मनगटापर्यंत आत येतो आणि तिथेच अडकतो. पाना घातला तर बोटभर फिरतो. मग तो काढायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा बोटभर. ज्याने ही जागा ठरवली, त्याने आयुष्यात कधी फिल्टर बदललेला नसणार.

मला बसवणारा मिस्त्री हाताचा फार चांगला. त्याची एक पद्धत होती. फिल्टर बसवला की बारीक ब्रशने त्यावर पांढऱ्या रंगात तारीख घालायची. खालून बॅटरी मारली, की फटीतून नेमकी ती तारीखच दिसायची. बाकीचा मी कोणालाच दिसत नसे. गिरणीतलं कोणीही वाकायचं, तारीख वाचायचं आणि निश्चिंत होऊन जायचं.

गाडी चालवणारा ड्रायव्हर या मिस्त्रीचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. मिस्त्रीनेच शब्द टाकून बावीस वर्षांपूर्वी त्याला गिरणीत चिकटवलं होतं. ड्रायव्हर माणसांशी कमी बोलायचा, गाडीशी जास्त. चढ आला की म्हणायचा, "चल गं बाई, एवढा एकच." पीठ घेऊन बेकऱ्यांकडे जायच्या वाटेवर असे सहा चढ होते आणि प्रत्येक चढाला तो हेच सांगायचा. एकदा गिरणीच्या मालकीणबाई म्हणाल्या, या गाडीचा आवाज किती छान येतो. कौतुक इंजिनाचं झालं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही मनावर घेतलं नाही.

वर्ष सरलं. मला बदलायची वेळ आली. मिस्त्री गाडीखाली शिरला, हात वर घातला आणि तसाच पडून राहिला. त्याच्या बोटांचे सांधे सुजले होते, मूठ पुरती वळत नव्हती. दोनदा पाना निसटून त्याच्याच छातीवर पडला. मग त्याने चिंधीने मला पुसलं, जुन्या तारखेवर डब्याच्या रंगाचा हात फिरवला आणि तो वाळल्यावर वर नवी तारीख घातली. माझ्या जागी यायला निघालेला नवा फिल्टर खोक्यासकट फळीवर रिकाम्या डब्यांमागे गेला. "पुढच्या आठवड्यात करतो," असं तो पुटपुटला. मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

तो पुढचा आठवडा काही आला नाही. पुढचं वर्ष मात्र आलं आणि माझ्या अंगावर तिसरी तारीख चढली.

मी रागावलो नाही, असं म्हणणार नाही. खूप रागावलो. माझी घडी न् घडी गाळाने भरली होती आणि लिहिण्यात मी कालचा होतो. थकलो आहे हे सांगायचं तरी कोणाला आणि ऐकणार तरी कोण?

रिकाम्या गाडीला लागतं तेवढं डिझेल मी कसंबसं पुरवायचो. पण पोती भरून ती चढाला लागली आणि इंजिनाने जास्त मागितलं, की माझ्याच्याने होत नसे. गाडी मध्येच बंद पडायची. मागे हॉर्नचा गोंगाट आणि ड्रायव्हर चाकाला दगड लावून घाम पुसत उभा. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून तीनदा. बेकऱ्यांना पीठ उशिरा पोचू लागलं, तक्रारी येऊ लागल्या.

मालकीणबाईंनी आपल्या भाच्याला गाडी बघायला सांगितली. त्याने गिरणीच्या आवारात ती रिकामीच दोन फेऱ्या फिरवली. कुठे अडखळली नाही. मग वाकून बॅटरी मारली. "मावशी, फिल्टरही दोन महिन्यांपूर्वीच बदललाय. गाडीत काही दोष नाही. ड्रायव्हरचं वय झालंय, चढाला पाय कचरतो त्याचा."

झालं. सोमवारपासून गाडी भाचा चालवणार आणि ड्रायव्हर फाटकाशी खुर्ची टाकून बसणार, असं ठरलं. हे सगळं ते दोघं माझ्या शेजारी उभं राहून बोलले. दोष कोणाचा ते मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसाइतका मी कधी कष्टी झालो नाही.

शनिवारी सकाळी ड्रायव्हर गाडी मिस्त्रीकडे घेऊन आला. म्हणाला, "ग्रीस मारून दे. दुसऱ्याच्या हातात खडखडत जायला नको."

"तू ऐकून घेतलंस सगळं? काहीच बोलला नाहीस?" मिस्त्रीने विचारलं.

"काय बोलणार, साडू? वर तुझ्या हातची तारीख आहे. गाडी ठीक म्हटल्यावर खोट माझ्यातच असणार." मग तो म्हणाला, "तुझ्या मेव्हणीला अजून सांगितलं नाही. रोज जेवताना सांगीन म्हणतो आणि जेवण तसंच राहतं."

मिस्त्रीने हातातला ग्रीसचा डबा खाली ठेवला, फळीवरचे रिकामे डबे बाजूला केले आणि मागची दोन खोकी काढून साडूपुढे ठेवली. न उघडलेली, धुळीने माखलेली.

"ही कशाची?"

"तुझ्या गाडीचे फिल्टर. दोन वर्षांचे दोन. हात वळत नाही रे माझा. सांगायची लाज वाटली, म्हणून रंग मारत गेलो."

ड्रायव्हर अंगठ्याने खोक्यावरची धूळ पुसत राहिला. "चढावर मी गाडीला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "मग स्वतःला घातल्या. तुलाच तेवढ्या घालायच्या राहिल्या." आणि बाही वर सारून तो गाडीखाली शिरला.

मिस्त्री त्याच्या शेजारी जमिनीवर आडवा झाला. "डोळे मीट," तो सांगत होता. "हे डोळ्यांनी होत नाही, बोटांनी होतं. डावीकडे क्लिप लागेल. ओढू नकोस, दाब आणि मग सरकव." ड्रायव्हरच्या काखेपर्यंत डिझेलचा ओघळ गेला, मनगट पट्टीला घासून सोललं. दोन तास लागले. मी सुटलो तेव्हा माझ्या नळीतून काळा गाळ त्याच्या मानेवर पडला आणि तो मान न पुसता हसला. नवा बसवला, हातपंप मारून नळीतली हवा काढली. नव्यावर तारीख कोणीच घातली नाही.

मला चिंधीत गुंडाळून मिस्त्री तडक गिरणीत गेला. मालकीणबाईंच्या टेबलावर मला ठेवलं आणि स्क्रू ड्रायव्हरने माझ्या पोटावरचा रंग खरवडू लागला. तिसऱ्या तारखेखाली दुसरी निघाली, दुसरीखाली पहिली.

"तारखा तीन, बाई. फिल्टर एकच," तो म्हणाला. "गाडी माझ्यामुळे अडत होती. त्याच्यामुळे नाही."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे. "दोनदा फसवलंत मला."

"हो."

त्याच दुपारी गाडी पोती भरून चढावर नेली आणि ती सहाही चढ न थांबता चढली. संध्याकाळी मालकीणबाईंनी सांगितलं, सोमवारी गाडी ड्रायव्हरच चालवेल. आणि यापुढे नवा फिल्टर बसला, की जुना त्यांच्या टेबलावर आणून ठेवायचा, तारीखबिरीख नको. मिस्त्रीचं काम त्यांनी काढलं नाही. त्या जागेत हात मात्र आता ड्रायव्हर घालतो आणि मिस्त्री शेजारी पडून सांगतो. ड्रायव्हरवर खापर फोडणारा भाचा काही फाटकावर बसला नाही, एवढं खरं.

मी अजून त्या टेबलावर आहे. माझ्याखाली कागद दाबून ठेवतात. पीठ उडतं, माझ्यावर बसतं, कोणीतरी पुसतं. या वयात एवढं काम पुरे. मित्रांनो, तुमचा हात एखाद्या ठिकाणी पोचेनासा झाला, तर पोचत नाही म्हणा. शेजारी कोणाचा तरी पोचतो. न सांगता वरून रंग मारलात, तर आत कोणीतरी गुदमरत असतं आणि चढावर भलताच माणूस बोल खातो.

मालकीणबाई भल्या आहेत. मिस्त्री येणार असला, की त्या माझ्या तारखा भिंतीकडे वळवून ठेवतात. तो येतो, आपल्या वाकड्या बोटांनी मला उचलतो आणि तारखा पुन्हा आपल्याकडे करून ठेवतो.