सलूनसमोर बंद पडणारी मोटरसायकल

पाववाल्याची मोटरसायकल रोज सकाळी सलूनसमोरच बंद पडायची. अलीकडे नाही, पलीकडे नाही, बरोबर सलूनच्या पायरीसमोर. बेकरीतून गरम पावांचे क्रेट मागे बांधून तो निघायचा तेव्हा गाडी गुणी लेकरासारखी चालायची. चढ चढायची, वळण घ्यायची, आणि सलून दिसलं की आधी खोकायची, मग आचके द्यायची आणि शेवटी मान टाकायची.

"आलास?" गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा तसाच ठेवून सलूनवाला आरशातूनच विचारायचा. "गाडीला दाढी करून घ्यायचीय की नुसते केस?"

किक मारून मारून पाववाल्याची पोटरी लाकडासारखी झालेली असायची. मग दुकानदारांचे फोन सुरू व्हायचे. गिऱ्हाईक चहाला बसलंय, पाव कुठाय?

गॅरेजवाल्या मिस्त्रीने तर हातच टेकले होते. गाडी आणली की तो आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचा, हुंगायचा, मग झाकण लावून किक मारायचा. गाडी पहिल्या किकेला सुरू. मिस्त्री कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "हिला काही झालेलं नाही. तुलाच काहीतरी झालंय."

तरी त्याने प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. एअर फिल्टर साफ केला. प्रत्येक वेळी गल्लीतून एक चक्कर मारायची, गाडी मस्त, आणि दुसऱ्या दिवशी सलूनसमोर येरे माझ्या मागल्या.

"जागा बदलून बघ," शेवटी मिस्त्री म्हणाला. "दुसऱ्या रस्त्याने जा."

पाववाला दुसऱ्या रस्त्याने गेला. गाडी शाळेच्या फाटकासमोर बंद पडली. तिथे पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा सलूनवाला बरा, असं म्हणत तो पुन्हा जुन्या रस्त्याला लागला.

घरीही सुख नव्हतं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ती पुढच्या खोलीत उभी असायची आणि तिच्या शेजारीच सासऱ्यांची खाट होती. सासरे लेकीकडे कायमचे राहायला आले होते. सगळी हयात त्यांनी नळ बसवण्यात घालवलेली. आल्या आल्या त्यांनी न्हाणीघराचा नळ दुरुस्त केला, मोरीची गळती थांबवली, खिडकीच्या चौकटीतली फट बुजवली. घरात कुठे थेंब टपकेना की वारा शिरेना. लेकीला बापाचा कोण अभिमान!

"बघा, बाबांनी कसं घर घट्ट करून दिलं," ती नवऱ्याला ऐकवायची. "आणि तुम्हाला एक गाडी नीट करता येत नाही."

"मामा, तुम्हीच बघा एकदा," पाववाला वैतागून म्हणाला.

"इंजिनातलं मला कळत नाही, जावईबापू," सासरे म्हणाले. "पण गळती नसणार, एवढं सांगतो."

त्याच दिवशी बेकरीवाल्याने शेवटचं सांगितलं. "हे बघ, पाव काही तुझ्या गाडीसाठी थांबत नाही. उद्या उशीर झाला तर परवापासून दुसरा माणूस बघतो." पाववाल्याला दुसरं काम येत नव्हतं. दारोदार पाव पोचवण्यात त्याचे केस पांढरे झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो गाडीला हात जोडून निघाला. चढ गेला, वळण गेलं, सलून आलं. गाडी खोकली.

"नको गं," तो म्हणाला. "आज नको."

तिने आचके दिले आणि मान टाकली.

पाववाला उतरला. त्याने किक मारली, परत मारली, चोक ओढला, ढकलला, मग तिच्या चाकाला एक लाथ घातली आणि स्वतःचंच बोट दुखवून घेतलं. सलूनवाला हातात कंगवा घेऊन पायरीवर आला होता.

"रोजचं नाटक आहे तुझं," तो म्हणाला. "आधी लाथा, मग शिव्या. दमलास की झाकण उघडून टाकीत डोकावतोस, आणि मग ती सुरू होते. अरे, मग लाथा-शिव्या वगळून एकदम झाकणावरच का येत नाहीस? आमचाही वेळ वाचेल."

तो चेष्टेने बोलला होता. पण पाववाल्याचा हात झाकणावर थांबला. त्याने ते हळूच सैल केलं. 'फुस्स' करून टाकीने श्वास घेतला, बुडता माणूस वर येऊन घेतो तसा. त्याने किक मारली. गाडी सुरू.

झाकणाच्या मधोमध हवा आत जायला बारीक भोक असतं. ते भोक त्याला दिसेना. त्या जागी पांढरा, गुळगुळीत, दगडासारखा घट्ट ठिपका होता. नळाच्या जोडाला लावायची लांबीची पुट्टी तो ओळखत होता. घरभर तीच तर होती.

म्हणजे पेट्रोल खाली जायचं, वरून हवा यायची नाही, आणि बिचारी गुदमरून मरायची. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

रागवायलाही सवड नव्हती. झाकण सैल ठेवून तो सुटला. प्रत्येक खड्ड्यात पेट्रोल उसळून मांडीवर सांडत होतं, पण गाडी थांबली नाही. शेवटच्या दुकानात पाव पोचले तेव्हा चहाचं आधण नुकतं ठेवलं होतं.

बेकरीत रिकामे क्रेट उतरवताना शेठने नाक मुरडलं. "हा कसला वास? उद्यापासून पॅन्ट बदलून येत जा."

उद्यापासून! पाववाल्याने तो शब्द घरापर्यंत जपून नेला. पण दारात सासरे दिसले आणि डोकं पुन्हा तापलं.

"मामा, टाकीच्या झाकणाचं भोक तुम्ही बुजवलंत?"

"मग?" सासऱ्यांचा चेहरा खुलला. "वास यायचा रात्री. म्हटलं, जावयाचं पेट्रोलही उडून जातंय. कसं बसलंय? निघणार नाही जन्मात."

या माणसावर ओरडायचं तरी कसं? पाववाल्याने दाभण आणि हातोडी घेतली आणि दात-ओठ खात ठोकायला बसला. लांबी खरंच चिवट होती. घामाघूम झाल्यावर भोक मोकळं झालं.

"आजपासून मी गाडीजवळ झोपतो," तो म्हणाला. "तुम्ही आत झोपा. पण या भोकाला हात लावायचा नाही."

"राहिलं," सासरे फुरंगटून आत गेले.

थोड्या वेळाने पाववाला पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. बायको भाजी चिरत होती. सासरे शेगडीपाशी उभे होते आणि बोटांत लांबीचा गोळा मळत होते.

"पोरी," ते कुकरच्या शिट्टीकडे रोखून बघत म्हणाले, "ही केव्हापासून फुसफुसतेय गं?"