काळ्या शेल्याची दोरी

ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी सकाळी, चर्चच्या कचेरीत फिलोमेना चौथ्यांदा तेच सांगत होती आणि मिरवणूक समितीचे प्रमुख सावेरियो चौथ्यांदा खिडकीबाहेर पाहत होते.

"नायलॉनची दोरी कडक असते. मूर्तीच्या डाव्या खांद्यावरच्या फासात अडकते. घरी लाकडी सांगाड्यावर दहा वेळा ओढून पाहिली, सहा वेळा अडकली. सुती लावा."

"मावशी, तुम्ही टाके घाला. दोरीचं आम्ही बघतो."

"गेल्या वर्षीही बघितलंतच की! साऱ्या गावानं बघितलं!"

कालाब्रियातल्या त्या गावात ईस्टरच्या सकाळी वाहकांच्या खांद्यांवरची संत योहानाची मूर्ती चौकातून तीनदा धावते आणि मरियेला तिच्या पुत्राच्या पुनरुत्थानाची वार्ता देते. मग मरियेची मूर्ती पुत्राच्या मूर्तीकडे धावते, मागून दोरी ओढली जाते, काळा शेला गळतो आणि निळा झगा झळकतो. गेल्या वर्षी शेला अर्ध्यावरच लोंबकळला. अपशकुन! पुढे गारपिटीत संत्र्यांचा मोहर झडला, आणि दोष आला तो शेला शिवणाऱ्या फिलोमेनाच्या टाक्यांवर. यंदाही तो अडकला, तर तीस वर्षांचे हे काम तिच्याकडून काढून घ्यायचे, असा ठराव झाला होता. मूर्तीवर तालीम मात्र करायची नाही. दुःखाचे वस्त्र वेळेआधी उतरवणे अशुभ!

मूर्ती वाहणारा रोक्को हसला. "मावशी, योहान तीनदाच धावतो. तुम्ही चारदा आलात!"

फिलोमेना दार आपटून निघून गेली.

ईस्टर रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, फादर ब्रूनोंनी शुभवर्तमानाचा ग्रंथ मिटला.

"रिकामी कबर आधी कोणी पाहिली? स्त्रियांनी. आणि शिष्य काय म्हणाले? वायफळ बडबड! दरवर्षी आपण त्या शिष्यांना हसतो. अहो, काल आपल्याच कचेरीत दुसरं काय झालं? शेजारच्या खोलीत मी सगळं ऐकलं आणि गप्प बसलो. पहिली चूक माझी. जिला कळतं तिचं ऐकायचं नाही, आणि बिघडलं की तिच्याच माथी मारायचं! अशानं कुठलीही सुवार्ता आपल्यापर्यंत पोहोचेल कशी?"

सावेरियोंची मान खाली गेली. मिस्सा संपताच ते तिच्यापाशी आले.

"मावशी, सुती दोरी आहे का जवळ?"

"आहे. पण एक सांगा. मी वर्षभर बोलले ती कटकट, आणि फादर पाच मिनिटं बोलले तो उपदेश?"

सावेरियो तिला मरियेच्या मूर्तीपाशी घेऊन गेले.

तिने दोरी बदलली, फास उलट वळवला. सावेरियोंनी दोरीचे टोक तिच्याच हाती दिले.

"बाईच्या हातात? आजवर कधी..." रोक्को पुटपुटला.

"आजवर चुकलंच!" सावेरियो म्हणाले.

चौकात योहान तिसऱ्यांदा धावला, मरिया निघाली, फिलोमेनाने दोरी ओढली. एका झटक्यात शेला खाली! घंटा घणघणल्या. त्या गलक्यात सावेरियो ओरडले, "गेल्या वर्षी दोष टाक्यांचा नव्हता! ती दोरी मी आणली होती, आणि ऐकलं नाही तेही मीच!"

काहींनी टाळ्या वाजवल्या. काहींनी नजर चुकवली. फिलोमेना शेल्याची घडी घालत म्हणाली, "हे गारा पडल्या तेव्हाच बोलायला हवं होतं, सावेरियो."

"हो, मावशी. तेव्हाच."

नागरिकहो, सांगणारी व्यक्ती कोण हे पाहून म्हणणे फेटाळू नका; ते तपासून पाहा. तपासायला अर्धा तास पुरतो. निरपराध माणसावर लादलेला ठपका मात्र वर्षाने पुसला, तरी ते वर्ष त्याला कोणीही परत देऊ शकत नाही.