आतड्यातला पहारा

मी एका माणसाच्या मोठ्या आतड्याची पहारेकरीण बोलतेय. सध्या एका प्लास्टिकच्या बरणीत, उग्र वासाच्या पाण्यात पडून आहे. डॉक्टर मला गॅमा-डेल्टा टी पेशी म्हणतात. नाव अवघड, काम सोपं होतं.

माझा जन्म त्याच्या छातीतल्या एका लहानशा ग्रंथीत झाला. माझ्या बऱ्याच बहिणींना आधी कुणीतरी शत्रूचा तुकडा आणून दाखवावा लागतो. मग त्या शिकतात, मग लढतात. त्यात दिवस जातात. मला शिकवणी लागत नाही. शेजारची पेशी बिघडली की तिचा चेहरा बदलतो. तो दिसला की मी तिथल्या तिथे तिचा निकाल लावते. आतड्याच्या अस्तरात बसून मी अशा किती संपवल्या, त्याची गणती नाही. त्याला कधी पत्ताही लागला नाही.

तो रंगाच्या दुकानात रंग मिसळायचा. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन आलं, की हा यंत्राला हात न लावता नुसत्या नजरेने तीच छटा काढून द्यायचा. "माझा डोळा चुकत नाही," हे त्याचं पालुपद.

मग एक बिघडलेली पेशी माझ्या हातून निसटली. तिने चेहरा झाकून घेतला होता. एकीच्या हजार झाल्या, हजारांची गाठ झाली. आम्ही काहीजणी तिच्यावर तुटून पडलो आणि बराच काळ तिला दाबून धरलं. पण गाठ चिघळली. रक्त झिरपू लागलं आणि खाली जाता जाता काळपट होऊ लागलं.

पोटाच्या भिंतीतून मला घरातलं बोलणं ऐकू यायचं.

"अहो, संडासात रक्त होतं," बायको म्हणाली.

"रक्त नाही गं ते. रक्त लालभडक असतं. हा विटकरीत काळा कालवल्यासारखा रंग आहे. बीट खाल्लं होतं ना?"

"त्याला आठ दिवस झाले."

"आता तू मला रंग शिकवणार?"

मुलगी दवाखान्यातून शौचाच्या तपासणीची डबी घेऊन आली. "बाबा, एवढंसं भरून द्यायचं, बस."

"आणि ती हातात घेऊन चारचौघांतून जायचं? छे!"

"जन्मभर रंगाचे डबे उचललेत तुम्ही. ही एवढीशी डबी जड झाली?"

तो पोट हलेपर्यंत हसला. डबी कपाटावर तशीच राहिली. वर्ष उलटलं.

त्या वर्षात मी काय केलं, तेही सांगते. गाठीने अस्तर फोडलं होतं, जंतू आत घुसत होते. मला वाटलं, जखम आहे. जखमेसाठी माझ्याकडे वेगळी हाक असते: दुरुस्तीला या, नव्या रक्तवाहिन्या घाला. मी जिवाच्या आकांताने ती हाक मारली. सगळे धावत आले. नव्या वाहिन्या थेट गाठीत शिरल्या आणि ती बाळसं धरू लागली. तिला मारायला येणाऱ्या पेशींची वाट मीच बोलावलेल्या गर्दीने अडवली. मी फितूर झाले होते, आणि मनापासून समजत होते की मी चाकरी करतेय.

एका दुपारी तो दुकानातल्या शिडीवरच चक्कर येऊन पडला. अंगात रक्तच उरलं नव्हतं. मग नळी घालून तपासणी झाली, ऑपरेशन ठरलं. आत नेण्याआधी त्याने मुलीला विचारलं, "ती डबी कुठंय गं? देतो भरून."

"आता नको, बाबा. आता डॉक्टर स्वतःच बघतायत."

त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही. आतड्याच्या कापलेल्या तुकड्यासोबत मी इथे आले.

मघाशी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी मदतनिसाला विचारलं, "आजूबाजूच्या ग्रंथींपैकी किती टणक लागतायत, कॅन्सर शिरल्यासारख्या?"

"चौदापैकी नऊ."

"आणि यकृत?"

"फोटोत तिथेही डाग आहेत, मॅडम."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वर्षभर आधी यायला हवा होता हा माणूस."

उद्या माझे पातळ काप पडतील. खुशाल पाडा. पण भिंगाखाली नुसती गाठ मोजून थांबू नका. मारणारी मी पोसणारी कशी झाले, ते माझ्यात शोधा. तो अजून वरच्या मजल्यावर खाटेवर आहे. त्याच्या यकृतात माझ्यासारख्याच पहारेकरणी बसल्या आहेत. तिथले डाग त्यांनाही जखमच वाटतील आणि त्याही हाक मारतील. त्यांना कुणीतरी अडवा. माझा आवाज आता तिथवर पोचत नाही.